नवा अँप, थकलेले कान आणि मल्टिमीटर

खर्जसूर | १२ जानेवारी, रात्री १०.४०

मंडळी, जरा लांबण लागणार आहे, चहा घेऊन बसा.

१९९४ साली बोनसच्या पैशातून घेतलेला एक जपानी अँप, म्हणजे अँप्लिफायर, माझ्याकडे आहे. तीस वर्षं त्याच्यावर भीमसेन, किशोरीताई, कुमारजी, मन्सूर सगळे येऊन गाऊन गेले. गेल्या पावसाळ्यात तो कुरकुरायला लागला. व्हॉल्यूमचं बटण फिरवलं की फोडणीत मोहरी तडतडावी तसा आवाज. भाचा इंजिनिअर आहे, तो म्हणाला, "मामा, हा बारा किलोचा दगड कशाला सांभाळतोस? आता पुस्तकाएवढ्या डबीत याच्यापेक्षा कितीतरी चांगले आकडे मिळतात." त्याने परदेशी साइटवरचे आलेख दाखवले. विकृती (डिस्टॉर्शन) नावालाही नाही, मागची खरखर नाही, आणि खर्जापासून तारापर्यंतच्या आवाजाची रेघ अशी की पाणसळ लावून मारलेली. दसऱ्याच्या मुहूर्तावर डबी घरी आली. क्लास डी म्हणतात त्याला.

पहिला आठवडा मी हवेत होतो. खर्ज घट्ट, दोन स्वरांमधली शांतता अगदी काळीभोर.

दिवाळीनंतर मात्र काहीतरी बिनसलं. रविवारी सकाळी एक राग पूर्ण, म्हणजे पन्नास मिनिटं, मांडी न मोडता ऐकणारा मी वीस मिनिटांत उठायला लागलो. कुंड्यांना पाणी घाल, पेपर बघ. हे माझ्याही लक्षात आलं नव्हतं. बायको म्हणाली, "हल्ली गाणं लावता आणि उठून जाता. मग लावता कशाला?" तेव्हापासून लक्ष ठेवून आहे. हार्मोनियम टोचते, तार षड्जावर कान मिटावेसे वाटतात.

तर विचारायचं हे, की आलेख म्हणतो अँप उत्तम आणि तीन महिन्यांचे कान म्हणतात नको. खरं कोणाचं धरायचं?

खोली १० बाय १२ फूट. स्पीकर तेच जुने, ८ ओहमचे, स्टँडवर.

ओहम_नमः_शिवाय | १२ जानेवारी, रात्री ११.२५

नाना, आलेख नीट बघितलात का? वर कोपऱ्यात बारीक अक्षरांत लोड, म्हणजे किती ओहमचा स्पीकर धरून मोजलं ते, लिहिलेला असतो. ४ ओहम होता ना?

विचारायचं कारण सांगतो. क्लास डी अँप आतमध्ये सेकंदाला काही लाख वेळा चालू-बंद होत असतो. ती कटकट स्पीकरपर्यंत जाऊ नये म्हणून शेवटी एक कॉइल आणि एक कपॅसिटर असतो. अँप आपला बाहेर पडणारा आवाज तपासून चूक दुरुस्त करतो तो फीडबॅक, स्वस्तातल्या बऱ्याच अँपांमध्ये या जोडीच्या आधीच घेतलेला असतो. म्हणजे त्या जोडीने पुढे काय गोंधळ घातला हे अँपला कळतच नाही. मग वरच्या पट्टीतली रेघ स्पीकरच्या ओहमवर ठरते. ४ ओहमला पाणसळ, ८ ओहमला शेवटी शेपूट वर. आलेख खोटा नाही हो, तो तुमच्या स्पीकरचा नाही एवढंच.

आणि ते जे एका आकड्यात सगळं सांगतात, सिनॅड (विकृती आणि खरखर मिळून सुराच्या तुलनेत किती), तो बहुतेक ठिकाणी १ किलोहर्ट्झच्या एकाच सुरावर, ५ वॉटला काढतात. गायकाला फक्त मध्य 'सा' लावायला सांगून मैफलीचा निकाल द्यावा तसं. 'सा' बेसूर असेल तर घरी पाठवा, पण 'सा' सुरात आहे म्हणून लगेच बिदागी ठरवू नका.

भोंगा | १३ जानेवारी, सकाळी ७.५०

५०० तास वाजू द्या, मग अँप मोकळा होईल. शिवाय सोन्याचा फ्यूज, चांदीची वायर आणि देवघराकडे तोंड करून ठेवलेला एक्स्टेन्शन बोर्ड.

(लोकलमध्ये उभा राहून लिहितोय, माझ्यासाठी सगळेच अँप सारखे.)

जवारी | १३ जानेवारी, दुपारी २.१०

भोंगा, हसा खुशाल, पण नानांचा अनुभव खोटा नाही.

मी मिरजेची. आमच्या गल्लीत तंबोरे होतात. जवारी, म्हणजे तारेचा झंकार, काढणारा कारागीर घोडी (तारा टेकतात ती पट्टी) कानसने घासतो, तार छेडतो, सुताचा धागा मागेपुढे सरकवतो, पुन्हा घासतो. हे तासन्‌तास चालतं. आणि त्याने तंबोरा हातात दिला म्हणजे संपलं असं नाही. आठ-पंधरा दिवस रोज रियाजाला घेतल्यावर कळतं की पंचमाची तार दबकी आहे की मोकळी. दुकानात पाच मिनिटं छेडून निवडलेला तंबोरा महिन्याने नकोसा झालेला मी पाहिला आहे.

सी. व्ही. रामन यांनी १९२१ मध्ये तंबोऱ्याच्या घोडीवर लिहिलं होतं. त्या रुंद, किंचित वळणदार घोडीवर तार घासत कंप पावते आणि साध्या हिशेबाने जे उपस्वर यायलाच नकोत तेही येतात. म्हणजे मोजणाऱ्यांनी तंबोरा समजून घेतला, छान केलं. पण तो केव्हा लागला, हे आजही कानच सांगतो. नाना वीस मिनिटांत उठतात, हेही एक मोजमापच नाही का?

टोरांटोकर | १३ जानेवारी, रात्री ९.३०

ताई, तंबोऱ्याचं पटलं. पण तंबोरा लावताना तुमच्या कानात एक सूर पक्का असतो, त्याच्याशी तुम्ही ताडून बघता. नाना ताडून बघतायत ते तीन महिन्यांपूर्वीच्या आठवणीशी. आवाजाचा तपशील आपल्या डोक्यात काही सेकंदच ताजा राहतो. नंतर उरतं ते त्याबद्दलचं आपलं मत.

सावकाश, घरी, निवांत ऐकलं की सगळं कळतं, हा समज एका अमेरिकन प्रयोगाने चांगलाच हलवला होता. डेव्हिड क्लार्क यांनी १९९१ साली तो मांडला. एका क्लबातल्या हौशी मंडळींना बंद डब्या घरी दिल्या. काही डब्यांत २.५ टक्के विकृती मुद्दाम घातलेली, काहींत काहीच नाही. आपल्या सिस्टीमला लावा, हवे तितके दिवस ऐका, मग सांगा. अंदाजपंचे सांगण्यापलीकडे त्यांची मजल गेली नाही. तीच विकृती दुसऱ्या क्लबातल्या लोकांनी अ, ब आणि क्ष असं पटापट बदलत, क्ष म्हणजे अ की ब ते ओळखत, तासाभराच्या आत पकडली.

इकडे ओटावाच्या राष्ट्रीय संशोधन संस्थेत फ्लॉइड टूल यांनी अनेक वर्षं पडद्याआड स्पीकर ठेवून लोकांना ऐकवले. पुढे ते आणि शॉन ऑलिव्ह यांनी १९९४ मध्ये दाखवलं, की पडदा काढला की गुण बदलतात. छोटासा स्वस्त संच पडद्याआड चांगले गुण मिळवतो आणि दिसला की खाली घसरतो. नानांना डबी दिसते, आणि डबी पुस्तकाएवढी आहे. तीस वर्षं बारा किलोचा अँप बघितलेल्या माणसाला ती खरी वाटत नसेल तर त्यात नवल नाही.

खर्जसूर | १३ जानेवारी, रात्री ११.०५

अहो, मला तर ती हवी होती! बायकोशी वाद घालून आणली. ती चांगली वाजावी म्हणून मीच देव पाण्यात घालून बसलो होतो.

जुनी_टेप | १४ जानेवारी, सकाळी १०.१५

मकर संक्रांतीच्या शुभेच्छा. गोड बोला, विशेषतः टोरांटोकर आणि जवारीताई.

मी आकाशवाणीत ३१ वर्षं तांत्रिक बाजू सांभाळली, तेव्हा माझी मतं थोडी गंजलेली असतील. ट्रान्झिस्टर अँप नवे आले तेव्हा त्यांच्या पत्रकावर विकृती ०.१ टक्का लिहिलेली असायची आणि ऐकायला कर्कश. कारण आकडा पूर्ण आवाजाला काढलेला. हळू आवाजात एक ट्रान्झिस्टर थांबून दुसरा सुरू होतो तिथे सांध्यात खाच पडायची. घरात आपण हळूच तर ऐकतो! कानांनी आधी तक्रार केली, मीटरने नंतर सांधा शोधला.

दुसरी गोष्ट स्वीडनची. १९९० च्या आसपास तिथल्या रेडिओने डिजिटल आवाज कमी जागेत दाबून पाठवायच्या पद्धती तपासल्या. साठ जाणकार श्रोते, वीस हजारांहून जास्त चाचण्या, सगळं अगदी शास्त्रशुद्ध आणि आंधळं, म्हणजे काय वाजतंय ते श्रोत्यांना न सांगता. त्यातून निवडलेल्या पद्धतीची टेप बार्ट लोकँथी नावाच्या अमेरिकन तंत्रज्ञाकडे गेली. त्याने घरी बसून ऐकली आणि १५०० हर्ट्झच्या आसपास एक बारीक शिट्टी पकडली. कुठे ऐकायची ते त्याने सांगितल्यावर इतरांनाही ती ऐकू आली.

तेव्हा चाचणी आंधळी आहे म्हणून ती शहाणीही आहे असं समजू नका.

टोरांटोकर | १४ जानेवारी, सकाळी १०.५०

तिळगूळ मिळाला. पण काका, लोकँथींना एकदा सापडल्यावर ती शिट्टी आंधळ्या चाचणीतही सापडते! नानांचा टोचरा 'सा' तसा सापडतोय का, एवढंच मी म्हणतोय. आणि २०२२ चं प्रकरण विसरू नका. केवळ अ‍ॅनालॉग म्हणून डोक्यावर घेतलेल्या एका नामांकित अमेरिकन कंपनीच्या महागड्या तबकड्यांमध्ये दहाएक वर्षं डिजिटल पायरी होती. जगातले सोनेरी कान त्या घरी निवांत ऐकत होते. कोणी ओळखलं?

भोंगा | १४ जानेवारी, सकाळी ११.०२

मी ओळखलं असतं, पण माझ्याकडे टर्नटेबल नाही.

खर्जसूर | १४ जानेवारी, रात्री ८.३०

ठरलं. जुना अँप माळ्यावरून काढतो आणि चाचणी करतो. व्हॉल्यूममध्ये क्लीनर मारून मोहरी बंद करतो, नाहीतर त्यावरूनच ओळखेन. दोन्ही अँपांच्या काळ्या वायरी एकत्र करून लाल तेवढ्या स्विचने बदलल्या तर चालेल ना?

ओहम_नमः_शिवाय | १४ जानेवारी, रात्री ८.३४

नाही!! थांबा नाना, हात लावू नका.

तुमच्या डबीत काळी वायर म्हणजे ग्राउंड नाही. तिच्यावरही तितकाच जिवंत सिग्नल असतो, उलट दिशेचा. जुन्या अँपची काळी ग्राउंडला असते. दोन्ही जोडल्या की डबीचा निकाल तिथेच लागेल, चाचणीची गरज उरणार नाही. चार पोलचा स्विच घ्या, लाल-काळ्या चारही वायरी बदलल्या पाहिजेत. पुण्याच्या तपकीर गल्लीत मिळेल.

मग आवाज जुळवा, आणि कानाने नको. २०० हर्ट्झचा सूर लावा, मल्टिमीटर एसीवर ठेवून स्पीकरच्या टोकांवर व्होल्टेज बघा. २ व्होल्ट येत असतील तर दोन अँपांत २० मिलिव्होल्टहून जास्त फरक नको. अर्ध्या डेसिबलने मोठा असलेला अँप कोणी 'मोठा' म्हणत नाही, 'जास्त खुला' म्हणतात! या धंद्यातल्या निम्म्या कौतुकाचं मूळ तिथे आहे असं माझं मत. आणि पंखा बंद करा. रात्री ११ नंतर वीज शुद्ध होते म्हणून सिस्टीम छान वाजते म्हणणारे पंखा आणि रस्ता विसरतात.

खर्जसूर | १९ जानेवारी, रात्री ९.१५

निकाल. वेळ लागला कारण स्विचला सोल्डर करताना बोट भाजलं.

मुलगी पडद्यामागे, तिच्याकडे नाणं उडवून केलेली यादी. १६ फेऱ्या. माझे ९ बरोबर. ओहमरावांनी आधीच बजावलं होतं की १२ च्या खाली गेलात तर गप्प बसायचं. गप्प बसलो.

मग मुलीला वाटलं आपणही करून बघू. तिला १९ वर्षं पूर्ण, गाणं ऐकते ते मोबाइलवर. तिचे १६ पैकी १३. मी थक्क. विचारलं कशावरून ओळखलंस? म्हणाली, "अभंगात टाळ वाजले की नवावाला जरा स्स् करतो. दोन्ही चांगलेच आहेत, बाबा. तुम्हाला एवढा त्रास कशाचा होतो?"

ओहमराव, तुमचं शेपूट खरं निघालं. भाच्याच्या साउंड कार्डने मोजलं. ८ ओहमला १० हजार हर्ट्झवर जेमतेम एक डेसिबल वर, २० हजारवर तीन. मग दोघांचे कान तपासले. तिला १७ हजारपर्यंत ऐकू येतं. मला ११ हजारनंतर सगळं मौनव्रत. म्हणजे डबीत जे बिघडलंय ते मला ऐकूच येत नाही, आणि जिला येतं तिला त्याचं काही वाटत नाही.

ओहम_नमः_शिवाय | १९ जानेवारी, रात्री ९.४०

मग विषय मिटला. अँप निर्दोष, म्हणजे तुमच्यापुरता.

जवारी | १९ जानेवारी, रात्री १०.२०

कसला मिटला? सोळा फेऱ्या म्हणजे परीक्षा. परीक्षेला बसून गाणं ऐकलंय का कोणी? नाना कधीही असं म्हणाले नव्हते की मला दहा सेकंदांत फरक कळतो. त्यांचं म्हणणं होतं, मी बसू शकत नाही. मग तेच बघा ना.

दोन्ही अँप चादरीखाली, दोन्ही चालू. लेकीने रोज सकाळी स्विच कुठे ठेवायचा ते ठेवावा, कोणाला सांगू नये. आवाज फोनवरून कमीजास्त करा. नानांनी रोज एकच करायचं, किती मिनिटं बसलो ते वहीत लिहायचं. चौदा दिवस.

टोरांटोकर | १९ जानेवारी, रात्री १०.३५

ताई, ही चाचणी मला सुचायला हवी होती. चौदा दिवस तसे कमी आहेत, पण मान्य.

खर्जसूर | ४ फेब्रुवारी, रात्री ९.००

चौदा दिवसांची वही लेकीने काल उघडली. जुन्यावर सात दिवस, सरासरी २४ मिनिटं. नव्यावर सात दिवस, २२ मिनिटं.

म्हणजे मी जुन्यावरही उठतोय! ज्याच्यावर तीस वर्षं बसलो त्याच्यावर. पाचव्या दिवशी वहीत लिहिलंय, "आज नक्की डबी, ऐकवत नाही". त्या दिवशी जुना होता.

आता मला कानाच्या डॉक्टरकडे पाठवू नका म्हणजे झालं.

जुनी_टेप | ४ फेब्रुवारी, रात्री ९.२५

डॉक्टर नको. दसरा ते दिवाळी या काळात घरात आणखी काय बदललं?

आणि आत्ता उठून ऐकायच्या खुर्चीत बसा, एकदा जोरात टाळी वाजवा. कसा आवाज येतो ते लिहा.

खर्जसूर | ४ फेब्रुवारी, रात्री ९.५०

टर्रर्र असा येतो. पत्र्यावरून वाळू ओतावी तसा, क्षणभरच.

आणि काका, हे लिहिताना स्वतःच्या डोक्यात टपली मारून घ्यावीशी वाटतेय. दिवाळीच्या आधी रंग काढला! खुर्चीच्या मागच्या भिंतीला जमिनीपासून छतापर्यंत लाकडी मांडणी होती, दिवाळी अंकांनी भरलेली, १९८० पासूनचे. समोर सोलापुरी चादर टांगलेली. रंगवाल्यांसाठी सगळं काढलं. चादर धुवायला गेली ती परत टांगलीच नाही, मांडणी लेकीच्या खोलीत, आणि अंक निम्मे वाचनालयाला, निम्मे रद्दीत. आता दोन्ही भिंती कोऱ्या गुळगुळीत, समोरासमोर, खाली चकचकीत टाइल.

बायको मागून वाचतेय आणि म्हणतेय, "रंग देऊ नका म्हणून मी सांगितलं होतं का?"

जुनी_टेप | ४ फेब्रुवारी, रात्री १०.१०

हं. स्टुडिओत समोरासमोरच्या भिंती म्हणूनच तिरक्या करतात, नाहीतर मऊ आवरण लावतात. आवाज दोन भिंतींत टेबल टेनिससारखा खेळत राहतो. गाण्यात तो वेगळा ऐकू येत नाही, नुसता वरच्या स्वरांना काटे फुटतात. हार्मोनियमला तर जास्तच, तिचा स्वर सतत चालू.

दिवाळी अंक आवाज विखरायला आणि थोडाफार शोषायला फार उत्तम. कमीजास्त जाडीचे, एकमेकांच्या मागेपुढे. रद्दीत घालायला नको होते, साहित्यिक कारणासाठी नसलं तरी.

ओहम_नमः_शिवाय | ४ फेब्रुवारी, रात्री १०.३०

काका, दंडवत. मी अँपचं पोट फाडत बसलो आणि खोलीकडे बघितलंच नाही.

नाना, मोजणीचा माइक भाच्याकडे असेल तर आत्ताच्या आत्ता नाद किती वेळ टिकतो ते मोजून ठेवा. मांडणी परत लावल्यावर पुन्हा मोजा. नाहीतर उद्या म्हणाल बरं वाटतंय, आणि टोरांटोकर विचारतील कशावरून.

टोरांटोकर | ४ फेब्रुवारी, रात्री १०.४५

विचारणारच होतो.

खर्जसूर | २३ फेब्रुवारी, दुपारी १२.३०

भाच्याने माइक आणला. २ ते ४ हजार हर्ट्झच्या पट्टीत कोऱ्या खोलीत नाद ०.६ सेकंद टिकत होता. मांडणी परत आणली, रिकाम्या खणांत बायकोच्या जुन्या रजया कोंबल्या, चादर टांगली, खाली गालिचा. आता ०.४ च्या खाली. टाळी वाजवली की नुसती टाळी.

आज रविवार. सकाळी तोडी लावली. मधे बायकोने चहा आणून ठेवला तो तसाच गार झाला. वहीत लिहिलंय ५३ मिनिटं. चादरीखाली कोणता अँप चालू होता मला माहीत नाही. लेक म्हणते सांगणार नाही, विचारूही नका.

जवारी | २३ फेब्रुवारी, दुपारी १.१५

तीन महिन्यांचे कान खोटं बोलत नव्हते, नाना. चोर चुकीचा पकडला होता एवढंच.

भोंगा | २३ फेब्रुवारी, दुपारी ४.४०

नाना, जुना अँप आता कशाला ठेवताय? विकायचा असेल तर मी घेतो. मुंबईहून येऊन उचलून नेईन.

खर्जसूर | २३ फेब्रुवारी, दुपारी ४.४२

नाही.